मथुराबाईंच्या मागच्या तीन सीटा

माणसाला बसता येतं, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. मी उभा जन्म मोटारींच्या सीटा शिवण्यात घालवला, तेव्हा अधिकारवाणीने सांगते: माणसाला फक्त जागा अडवता येते.

बोईसरला कुंभवलीच्या नाक्यावर आमचं दुकान होतं. बाहेर पाटीवर ह्यांचं नाव, आत मशीनवर मी. आम्ही साताऱ्याकडचे. हे तारापूरच्या वसाहतीत एका कारखान्यात वेल्डर म्हणून लागले होते. कारखान्याने एक दिवस कामगारांवरच्या अपार प्रेमापोटी सगळ्यांना कायमची सुट्टी दिली. तेव्हा ह्यांनी वेल्डिंगचं मशीन घेतलं, मी ब्लाउज शिवायचं मशीन विकून जाड कापडाचं घेतलं आणि आम्ही गाड्यांच्या सीटा करायला लागलो. हे लोखंडी सांगाडा करायचे. मी त्यावर काथ्या, फोम आणि रेक्झिन चढवायची. गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "मिस्त्री कुठायत?" मी म्हणायची, "मीच." मग ते ह्यांची वाट बघत बसायचं, माझ्याच हातच्या बाकावर.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगत बसले तर अंक पुरणार नाही. वसाहतीतले दोन भागीदार होते, दोघांत एक गाडी. एक जण येऊन हळूच सांगून गेला, "वहिनी, माझ्या बाजूला फोम जरा जास्त घाला. मी त्याच्यापेक्षा उंच दिसलो पाहिजे." आठवड्याने दुसरा आला, त्याचंही तेच. मी धंदा करायला बसले होते, सत्य सांगायला नाही. दोघांच्या बाजू आळीपाळीने चढवत गेले. शेवटी दोघांची टकुरी टपाला टेकली आणि भागीदारी मोडली. फोम मात्र शेवटपर्यंत बसला नाही.

दुसरा एक होता, स्टेशनवरून माणसं भरणारा जीपवाला. त्याला सीटा अरुंद करून हव्या होत्या, म्हणजे आणखी एक रांग मावेल. मी विचारलं, "माणसं बसवायची आहेत की रचायची?" तो अतिशय गंभीरपणे म्हणाला, "रचता आली तर बरंच होईल." त्याच्या गाडीच्या पुस्तकात किती सीटा लिहिल्या आहेत, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पुस्तक त्याने देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

इथे बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगते. गाडी नोंदवली की आरटीओ तिचं एक पुस्तक देतं. त्यात गाडीत किती माणसं बसू शकतात ते लिहिलेलं असतं. ती खरी सीट. आपण ढुंगण टेकतो ती नुसती वस्तू. वस्तू वाढवायची असेल, तर कायद्याने आधी अर्ज करायचा, परवानगी घ्यायची, मग काम करायचं, मग गाडी दाखवायची, मग पुस्तकात नोंद करून घ्यायची आणि विमावाल्यांना कळवून जादा माणसांचा हप्ता भरायचा. सगळा तालुका हे मनोभावे पाळायचा, फक्त उलट्या क्रमाने. आधी काम व्हायचं. पुढचं पोलिसाने अडवलं तर.

अशा ह्या पुण्यभूमीत, नव्वद सालानंतरच्या एका पावसाळ्यात, मथुराबाई आल्या.

दुकानासमोर एक आकाशी रंगाची लांबलचक मिलिटरी गाडी येऊन थांबली. लष्कराने लिलावात काढलेल्या अशा गाड्या तेव्हा बऱ्याच फिरायच्या. कायद्याने लष्कराचा हिरवा रंग आपल्याला चालत नाही, म्हणून लोक वर दुसरा मारायचे. हिचा आकाशी ठिकठिकाणी उडाला होता आणि खालून लष्कर डोकावत होतं. गाडीतून उतरली ती काष्टा घातलेली, सावळी, उंच बाई. पन्नाशीची असेल. अंबाड्यात फूल, हातात छत्री, आणि मागून येणारा तिचा जावई रमाकांत, जो गाडी चालवायचा आणि सासूसमोर बोलायचा नाही. असा जावई मी पुन्हा पाहिला नाही.

"सीटा तूच बसवते ना?" तिने मलाच विचारलं. 'मिस्त्री कुठायत' असं न म्हणणारं ते पहिलं गिऱ्हाईक. मी तिला चहा सांगितला.

मथुराबाई दातिवऱ्याच्या. मासळीवाल्या. दातिवऱ्याहून एडवण, केळवं, माहीम करत पालघरच्या बाजारात आणि तिथून बोईसरला कामगारांच्या वस्तीत मासळी विकायच्या. बसच्या कंडक्टरला मासळी खायला आवडायची, तिच्याबरोबर प्रवास करायला नाही. म्हणून त्या बायका मालाच्या टेम्पोत, टोपल्यांवर बसून जायच्या. आता मथुराबाईंनी माहीमच्या एका वाडीवाल्याकडून ही गाडी घेतली होती. तो तिच्यातून विड्याच्या पानांचे करंडे न्यायचा. पुढे दोन सीटा आणि मागे सगळा रिकामा हौदा.

"मागं सीटा पायजे," त्या म्हणाल्या. "आनि पट्टे पायजे. इमानात असतात तसे."

"विमानात बसलात?"

"नाय. माझा भाचा बसला. तो सांगत व्हता, कमरेला बांधतात."

त्या काळात आमच्याकडे पट्टा म्हणजे पँटीचा. नव्या मोटारींत पुढच्या सीटांना कुठेकुठे यायला लागले होते, आणि लोक ते काढून टाकायला आमच्याकडे आणायचे, कारण शर्टाला चुण्या पडतात. मागच्या सीटला पट्टा मागणारी बाई म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला असणार, असं ह्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं मी वाचलं.

"आनि सगळं कायद्यानं पायजे," मथुराबाई म्हणाल्या. "पुस्तकात लिवून."

आता मात्र ह्यांची खात्रीच पटली.

तेव्हा त्यांनी गंगूचं सांगितलं. गंगू त्यांची नणंद. आदल्या साली एडवणच्या वळणावर टेम्पो हेलकावला आणि टोपलीवर बसलेली गंगू मागच्या मागे रस्त्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखाना झाला, पण पाय आखडला तो आखडला. कुणीतरी सांगितलं, टेम्पोला विमा असतो, भरपाई मागा. मागितली. विमावाल्याने कागद काढला आणि समजावून सांगितलं, की टेम्पोत सीटा दोन. एक ड्रायव्हरची, एक क्लीनरची. त्या दोघांवर दोघं बसले होते. म्हणजे कायद्याने गंगूबाई गाडीत नव्हत्याच. आणि ज्या गाडीत नव्हत्या, त्या गाडीतून पडतील कशा?

"गंगू त्याला बोलली, मी व्हते हो साहेब, माझे बोंबील पन व्हते. तो बोलला, बोंबील व्हते, ते मालात धरलेत. तू नव्हती." मथुराबाईंनी बशीतला चहा संपवला. "बोंबील व्हते आनि बाय नव्हती. कागदावर ती पडलीच नाय. घरात लंगडते ती कोन मग? म्हनून बोलते, आदी सीट कागदावर पायजे. मग त्यावर बाय बसंल."

ह्यांनी खाली बघितलं. मी रेक्झिनचे तुकडे पुढे केले, रंग निवडायला. त्यांनी सगळ्यात जाड निवडला. रंगाकडे पाहिलंच नाही.

काम घेतलं आणि मी आमच्या ओळखीच्या एजंटला, मोन्यांना गाठलं. मोने आरटीओच्या दारातल्या बदामाखाली बसायचे. कायद्याचा इतका गाढा अभ्यास असलेला माणूस मी पाहिला नाही. कुठलं कलम कसं टाळायचं ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"वहिनी, सगळे आधी सीट बसवतात आणि मग माझ्याकडे येतात. तुम्ही काम करायच्या आधी परवानगी मागितलीत, तर तिकडे घबराट होईल. त्यांना वाटेल, वरून तपासणी आलीये."

"होऊ दे घबराट."

"आणि पट्ट्यांचं नाव काढू नका. अर्जात पट्ट्याला रकाना नाही. रकाना नसलेली गोष्ट म्हणजे संशय."

मी नाव काढलं. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि मला वर्दी नसलेली जेलर समजून विचारलं, "बांधायचे पट्टे? कैद्यांची ने-आण आहे का?"

"मासळीवाल्या आहेत."

"मग बांधता कशाला? पळून जातात?"

मागे उभ्या असलेल्या मथुराबाई पुढे आल्या. "पळत नाय साहेब. पडतात." कारकुनाने शिक्का मारला. नुसता आवक झाल्याचा, पण मारला.

परवानगीला किती वेळ लागला ते लिहीत नाही, वाचकांना खोटं वाटेल. तोपर्यंत माझे आणि मथुराबाईंचे वाद चालले होते. मला वाटत होतं, हौद्यात दोन्ही बाजूंना लांब बाकं टाकावीत, समोरासमोर. सहा-सात बायका आरामात. लष्करातही तशीच असतात. पण पट्टे आणायला हे पुण्याकडच्या एका कारखान्यात गेले, तिथल्या माणसाने विचारलं, सीटा कुठे तोंड करून आहेत? आडव्या बाकावर पट्ट्याचा उपयोग नाही. गाडी थांबते पुढच्या दिशेने आणि आडवा बसलेला माणूस कुशीवर दुमडतो. सीटचं तोंड पुढे हवं. तशा मोजून तीनच बसत होत्या. मागे टोपल्यांना जागा.

मथुराबाईंच्या गटात सहा बायका होत्या. पुढची एक आणि मागच्या तीन, म्हणजे चारच मावणार. मला वाटलं, आता ह्या म्हणतील, जाऊ दे पट्टे, टाक बाकं. त्या म्हणाल्या, "मग दोन खेपा करू."

"डिझेल दुप्पट जाईल."

"जाईल."

गटातल्या बाकीच्यांना हे मुळीच पसंत पडलं नाही. एकीने तर दुकानात येऊन मला सुनावलं, "तू पट्टे विकायला आमच्या म्हातारीला येडी केली." मी तिला म्हटलं, "बाई, तुझी म्हातारी कुणाला वेडी करते आहे ते आधी बघ. माझा नवरा पुण्याला जाऊन आला."

मी पुढच्या दोन सीटांनाही पट्टे लावू म्हणून सुचवलं. रमाकांत सासूकडे बघायला लागला. मथुराबाईंनी उडवून लावलं. "मना कशाला? मी पुढं बसते. मना रस्ता दिसतो. जिला दिसत नाय, तिला बांध." अर्ज तसाही मागच्या सीटांचाच होता.

परवानगीचा कागद आला तेव्हा नारळी पौर्णिमा तोंडावर होती. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात; पौर्णिमेला नारळ सोडला की पुन्हा समुद्रात जातात. म्हणजे मासळी येणार आणि तिला गाडी लागणार. ह्यांनी सपाटून काम केलं. सांगाडे केले, हौद्याच्या पत्र्याला भोकं पाडली, बोल्ट कसले, पट्ट्यांची टोकं खाली आवळली. मी सीटा शिवल्या. दुहेरी शिवण, कडेला गोट, पाणी आत मुरू नये म्हणून सांध्यांना पट्टी. स्वतःचं कौतुक करू नये म्हणतात. ते ज्यांचं कौतुक करायला इतर कुणी असतं त्यांनी पाळावं. सीटा देखण्या झाल्या होत्या.

पालघरला आरटीओचा महिन्यातून एकदा कॅम्प लागायचा. मैदानात गाड्यांची रांग, मंडपात टेबल. निरीक्षक नवा होता, कोवळा, पांढऱ्या शर्टातला. ह्यांनी मला कानात सांगितलं, "पोरगंय. पाच मिनिटांचं काम." मोन्यांनी सुचवलेली मिठाई मी आणली नव्हती, मथुराबाईंनी ताजा पापलेट आणला होता, तोही त्याने नाकारला. असा माणूस खात्यात कसा टिकणार, याची मला काळजी वाटली.

त्याने सीटांकडे बघितलं, मान डोलावली. मग खिशातली किल्ली काढली आणि पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. खालून खरवडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या ओंजळीत तांबडा भुगा होता.

"हा तुमच्या हौद्याचा पत्रा," तो म्हणाला.

वाडीवाल्याने वर्षानुवर्षं त्या हौद्यातून ओल्या पानांचे करंडे वाहिले होते. वरून रंग, खालून गंज. आम्ही वरून बघितलं होतं.

"वेल्डिंग माझं पक्कं आहे," हे म्हणाले. तोंड लाल झालं होतं.

"तुमचं पक्कंच आहे. खालचं नाही. गाडी आपटली तर पट्टा, सीट आणि बाई, सगळं एकत्र पुढे येईल. पट्टा नसता तर निदान बाई एकटी आली असती." त्याने कागदावर लिहिलं. "चेसिसवरून लोखंडी चॅनेल आडवा घ्या, बोल्ट त्यात जाऊ द्या, खाली जाड पट्ट्या द्या. पुढच्या कॅम्पला आणा."

पुढचा कॅम्प म्हणजे पुढचा महिना. नारळ तर समुद्रात सोडून झाला होता. दातिवऱ्याला बोटी भरून येत होत्या. हे घरी आल्यावर त्या पोराच्या शिक्षणाबद्दल, वयाबद्दल आणि शर्टाबद्दल बरंच बोलले. मी ऐकून घेतलं. संसारात शिवणकामाइतकाच हाही कामाचा भाग असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर हे गाडीखाली, हातात हातोडी, आणि हौद्याचा पत्रा खाली पडत होता बिस्किटासारखा. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "चॅनेल आणायला हवा."

मथुराबाईंचं त्या महिन्यात काय झालं ते मला रमाकांतने सांगितलं. सासू समोर नव्हती म्हणून बोलला. गटातल्या बायका म्हणाल्या, गाडी आपली, दारात उभी, हौद्यात फळ्या टाका आणि चला. मथुराबाई म्हणाल्या, नाय. पुस्तकात नोंद झाल्याशिवाय गाडी मासळीला हलणार नाय. दोघी चिडून टेम्पोत गेल्या त्या गेल्याच. गावात चेष्टा सुरू झाली. मथुराबाईंचं इमान धावपट्टीवर हाय, म्हणायचे. त्या स्वतः डोक्यावर टोपली घेऊन एडवणपर्यंत चालत जायच्या आणि तिथून जे वाहन भेटेल त्याने. आणि घरात गंगू त्यांना म्हणाली होती, "माझ्यासाटी करते तर करू नको. माझा पाय काय नीट होनार नाय." तेवढ्या एका बोलण्यावर त्या रडल्या, असं रमाकांत म्हणाला. मला ते बघायला मिळालं नाही. माझ्यासमोर त्या नुसत्या "झालं का?" विचारायला यायच्या.

दुसऱ्या कॅम्पला पोरगा पुन्हा गाडीखाली शिरला. ह्यांनी ह्यावेळी खाली गोणपाट अंथरलं होतं, त्याच्या शर्टासाठी. तो आत बराच वेळ ठोकत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "ह्याला आता रणगाडा बांधा." हे हसले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत शीळ घालत होते.

"मागे बसणाऱ्या कोण तुमच्या?" त्याने मथुराबाईंना विचारलं. "खाजगी गाडी आहे. भाडं घेता येणार नाही."

"ही जाव. ही चुलत जाव. तिसरी नणंद, ती घरी हाय. नणदंकडून भाडं घेतलं तर गाव मारंल मना."

"आणि टोपल्या?"

"बाजारात जातो साहेब. हात हलवत जायाचं?"

त्याने पुस्तकात लिहिलं. पट्ट्यांना रकाना नव्हताच. त्याने शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात लिहिलं: मागील आसने तीन, पट्ट्यांसहित. मथुराबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडून वाचून घेतलं, मग आणखी एकदा. घरी गेल्यावर त्यांनी गंगूला गाडीतून फेरी मारून आणली म्हणे. बाजारात नव्हे, नुसती मारुतीच्या देवळापर्यंत. मग हळूहळू गंगू पालघरला यायला लागली, बसून विकायला. मधली सीट तिची.

पट्ट्यांचं मात्र जे व्हायचं तेच झालं. पहिल्या आठवड्यात मी पालघरच्या बाजारात गेले, तर गाडी येऊन थांबली होती. तीन पट्टे अतिशय व्यवस्थित लावलेले, तीन टोपल्यांना. बायका मागे हौद्यात बसल्या होत्या.

"अगं, हे काय?"

"टोपली सांडते," चुलत जाऊ म्हणाली. "आमी नाय सांडत."

मथुराबाई पुढून उतरल्या. एवढा सगळा अर्ज, कॅम्प, गंज, चॅनेल आणि शेवटी सुरमईची सुरक्षा. त्यांनी तिथे बाजारात चुलत जावेला जे सुनावलं ते छापण्याजोगं नाही. त्यानंतर टोपल्या मागे दोरीने आणि बायका सीटांवर पट्ट्याने, असा नियम झाला. रमाकांत तिन्ही पट्टे 'टक्' वाजल्याचं ऐकल्याशिवाय चावी फिरवायचा नाही. सासूचाच हुकूम.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी माहीमच्या अलीकडे, खाडीच्या चिखलट खाजणाच्या कडेने रस्ता जातो तिथे, एक म्हैस आडवी आली. रमाकांतने गाडी वाचवली नाही, म्हैस वाचवली. गाडी रस्ता सोडून खाली खाजणात गेली आणि कुशीवर कलंडली. मागून वसाहतीत माल घेऊन जाणारा एक ट्रकवाला येत होता. त्याने ट्रक थांबवून खाली उडी मारली. हे सगळं मला नंतर गंगूने सांगितलं.

मासळी खाजणभर पसरली होती. तिघी मागे पट्ट्यांत लोंबकळत होत्या, एकीच्या अंगावर एक, आणि तिघी एकाच वेळी बोंब मारत होत्या. ट्रकवाला ओरडत होता, "अम्मा, हिलो मत, हिलो मत!" गंगू त्याला म्हणाली, "हलू कशी? बांदलेली हाय ना!" पट्ट्यांवर सगळा भार आल्याने बकलं सुटेनात. त्याने चाकू काढून पट्टे कापले आणि एकेकीला ओढून काढलं. चिखल, खरचटणं, मुका मार. हाड एकीचंही मोडलं नाही.

पुढे मात्र पट्टे नव्हते. रमाकांतची बरगडी स्टिअरिंगवर आपटली. आणि मथुराबाई, ज्यांना रस्ता दिसत होता, त्या काचेवर गेल्या. उजव्या हाताचं मनगट मोडलं आणि पुढचे दोन दात गेले.

विम्याचा माणूस आला. तोच नाही, पण त्याच जातकुळीचा. त्याने पुस्तक मागितलं, जादा माणसांच्या हप्त्याची पावती बघितली, सीटा मोजल्या, बायका मोजल्या, पुन्हा सीटा मोजल्या. सगळं जुळत होतं. माणूस अगदी खिन्न झाला. शेवटी त्याने विचारलं, "मधल्या सीटवर नक्की कोण होतं?" गंगू म्हणाली, "मी. ह्या वेळंला व्हते." त्याला ते कळलं नाही. त्याने लिहून घेतलं.

गाडी दुरुस्तीला आमच्याकडे आली, तिच्याबरोबर मथुराबाई आणि मागच्या तिघीही आल्या. हे बाहेर गेलेले बघून तिघींनी दुकानाचा पडदा ओढला आणि मला आत बोलावलं. "बघ, तुज्या पट्ट्यांनी काय केलं." एकेकीने निऱ्या बाजूला केल्या. तिघींच्या ओटीपोटाखाली, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, पट्ट्याच्या रुंदीचा वळ उठला होता, हिरवा, निळा, कडेला पिवळा. चुलत जाऊ म्हणाली, "माजा जास्त हिरवा हाय." गंगू म्हणाली, "माजा रुंद हाय." आणि तिघी हसायला लागल्या, हसताना दुखायचं म्हणून कण्हत, पुन्हा हसत. मला काहीतरी टोमणा सुचायला हवा होता. माझ्याकडे त्यांचा कधी तुटवडा पडला नाही. त्या दिवशी पडला. मी एकेकीच्या वळावर बोट ठेवून बघत राहिले, शिवण तपासावी तसं, आणि मला दिसेनासं झालं.

मथुराबाई पडद्याबाहेर बाकावर बसल्या होत्या. हात प्लास्टरमध्ये, वरचा ओठ आत गेलेला.

"पुढं पन पट्टे लाव," त्या म्हणाल्या. दात गेल्याने शब्द फुसफुसत होते. "आनि आदी अर्ज कर."

"ह्याला अर्ज लागत नाही, मावशी. सीट नवी नाही."

"तरी कर."

केला. मोन्यांना वाटलं मी त्यांची चेष्टा करते आहे.

गाडी तयार झाली त्या दिवशी सगळ्या न्यायला आल्या. रमाकांत हळूच, बरगडी सांभाळत, स्टिअरिंगमागे बसला. मागे तीन 'टक्' झाले. मथुराबाई पुढे चढल्या आणि डाव्या हाताने पट्टा ओढायला लागल्या. तो निम्म्यावर येऊन अडकायचा, परत जायचा. प्लास्टरचा हात मध्ये यायचा. मागून गंगू सूचना करत होती, चुलत जाऊ दुसऱ्या सूचना करत होती, आणि मदतीला वाकता एकीलाही येत नव्हतं, कारण सगळ्या बांधलेल्या होत्या.

मी दार उघडलं, वाकले, पट्टा त्यांच्या अंगावरून घेतला आणि बकलात बसवला. त्यांच्या लुगड्याला सुक्या मासळीचा आणि मोगऱ्याचा वास येत होता. पट्टा ओढून मी नीट बसता केला.

"घट नको करू, बाय," मथुराबाई म्हणाल्या. "जेवून आले हाय."